फाट्यापर्यंतचं अंतर

खजुरी, ९ मार्च २०२५

चि. रत्नास,

काल सकाळी मी आळंदला गेलो आणि काम न करता परत आलो.

पूजा उरकून सातची बस धरली होती. अव्वानं भाकरी बांधून दिली होती. नागूबाईंची गल्ली सापडायला अवघड नव्हती. बुद्धविहाराच्या बाजूनं आत वळलं की तिसरं घर, असं तू तुझ्या वहिनीला, विजयश्रीला, सांगितलं होतंस. गल्लीच्या तोंडाशी एक चहाचं हॉटेल आहे. तिथं बसलो. एक चहा घेतला, मग आणखी एक. हॉटेलवाला म्हणाला, "कुणाकडं आलाव, अण्णा?" मी म्हणालो, "बाजाराला." बाजार त्या बाजूला नाहीच. मग मी उठून खरोखरच बाजारात गेलो, ज्वारीच्या राशीवर टाकायला एक ताडपत्री घेतली आणि घरी आलो.

अव्वानं विचारलं, "भेटल्या का?" मी म्हणालो, "घरी नव्हत्या."

तू फोनवर "अण्णा" म्हणालीस तेव्हा मला काहीच बोलता आलं नाही. तुला वाटलं असेल, मी फोन ठेवला. ठेवला नव्हता, कानालाच होता. म्हणून हे लिहितो आहे. विजयश्री याचा फोटो काढून तुला पाठवील. आपल्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही भाषा चालतात, पण आपण शाळा मराठीत शिकलो, लिहिताना हात मराठीतच चालतो.

सात वर्षांनी तुझा निरोप आला. सप्टेंबरात बाळ होणार, डॉक्टरांनी वयामुळं फार जपायला सांगितलंय, जवळ आई हवी, अव्वा येईल का. बुद्धरत्नच्या आई नागूबाई ऑगस्टात येणारच आहेत, त्यांच्या शेजारचं तिकीट काढू, म्हणजे अव्वाला एकटीला यावं लागणार नाही. तेवढं आळंदला जाऊन त्यांच्याशी बोलून घे, इतकंच तू मला सांगितलं होतंस.

अप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. तुझ्या लग्नाच्या वेळी "त्या घराचं नाव नको" म्हणाले होते, तो शब्द मात्र अजून घरातच आहे. तुझा निरोप विजयश्रीनं अव्वाला वाचून दाखवला तेव्हा मला वाटलं, अव्वा उठून आत जाईल. ती उठली नाही. म्हणाली, "किती लांब हाय?"

विजयश्रीनं मोबाइलवर बघितलं. हैदराबादच्या विमानतळापासून टोरांटोच्या विमानतळापर्यंत बारा हजार आठशे ऐंशी किलोमीटर, विमानाला सोळा तास.

"आत्ती, हितनं श्रीशैलला जाऊन यायचं. तसं चौदा बार."

"लांब आसू दे की. मधी दिवस उगवतोय का, ते बघ."

विजयश्रीला कळलं नाही, मला कळलं. दिवस उगवला की अव्वाची अंघोळ, मग गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा, आणि त्यानंतरच पाण्याचा घोट. तुला आठवतं ना, तू तापानं फणफणली होतीस त्या दिवशीसुद्धा तिनं आधी पूजा केली आणि मग तुझ्या उशाशी बसली. विमान पहाटे निघतं. दिवस वाटेतच उगवणार.

मी म्हणालो, "जागेवर बसून कर की पूजा. पाणी देतेत तिथं."

"खाली चपला, बाजूला खरकटं. तिथं लिंग हातावर घेऊ?" अव्वा म्हणाली. "ऱ्हाऊ दे. सोळा तास पाणी नको. उतरून रत्नाच्या घरी पूजा करते, मग पिते."

म्हणजे ती यायला तयार आहे, रत्ना. अडलंय ते माझ्याकडून.

तुझा अण्णा,
विरुपाक्ष


खजुरी, २७ एप्रिल

चि. रत्नास,

अव्वाचा पासपोर्ट आला. फोटोत ती रागावल्यासारखी दिसते. तशी ती रागावलेलीच होती, कारण फोटोवाल्यानं तिला डोक्यावरचा पदर काढायला सांगितला.

परवाची गोष्ट सांगतो. सकाळी उठलो तर अव्वा पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली. कमरेला सुती दोरी बांधून ती खुर्चीला गुंडाळलेली. अंघोळ नाही, पूजा नाही.

"हे काय करायलीस, अव्वा?"

"इमानात बसलेय. सोळा तास. जमतंय का बघते."

मी समजावलं. विजयश्रीनं समजावलं. शेवटी विजयश्री कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "आत्ती, चा घेणार का काफी? का तसंच बसणार?"

"तू इमानातली बाई हाईस न्हवं? मग हासून बोल."

दुपारी महादेवप्पा मठाकडून येताना डोकावले. "मल्लव्वा, कुटं चाललीस गं खुर्ची बांधून?"

"बसूनच चाललेय," अव्वा म्हणाली.

ते हसले, माझ्याकडं बघितलं आणि गेले. गावाला तुझं सगळं ठाऊक आहे. गाव विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही, असं सात वर्षं चाललंय. सवय झालीय त्याची.

एप्रिलचं ऊन तुला माहीत आहे. तीनच्या सुमाराला पत्रे तापले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तांब्या घेऊन गेलो. तिनं तोंड फिरवलं. मध्ये दोनदा उठली, मागच्या दारी जाऊन आली, पुन्हा दोरी बांधली. दिवेलागणीला तिचं बोलणं जड झालं. विजयश्री थट्टा विसरून तिच्या पायाशी बसली आणि बोटानं दाबून बघू लागली. बोट काढलं की पायावर खड्डा राहायचा.

सोळा तास तिनं काढले. मग अंघोळ केली, पूजा केली, पाणी प्याली. भिंतीला टेकून मला म्हणाली, "पोचले बघ."

हसावं का काय करावं मला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, या वयात विमानात पाणी पीतच राहायचं, पाय हलवत राहायचे. असं कोरडं बसलं तर पायात रक्ताची गाठ होते. ती छातीत गेली तर जिवावर बेततं. अव्वा सगळं ऐकून घेत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "चांगला हाय डॉक्टर. पण त्याला लिंग न्हाई."

तू काळजी करू नकोस. मार्ग निघेल.

तुझा अण्णा


खजुरी, १५ जून

रत्ना,

तूर पेरून झाली. व्हिसाचे कागद दिले, बोटांचे ठसे देऊन आलो. तेवढं करून ठेवलंय, पण आता जे खरं आहे ते लिहितो.

बुद्धरत्ननं विजयश्रीच्या मोबाइलवर पाठवलेलं तिकीट बघितलं. मोबाइलनं आधी सांगितलेले सोळा तास म्हणजे सरळ रेघ मारून काढलेला हिशेब होता. तसं सरळ जाणारं विमान नाहीच. चार तासांनी दोहाला उतरायचं, तिथं तीन तास थांबायचं, मग पुढं पंधरा तास. सगळे मिळून बावीस.

हे मी अव्वाला सांगितलेलं नाही. सोळा तासांत जिचे पाय तसे झाले, तिला बावीस कसं सांगू? सांगितलं तर ती पुन्हा खुर्चीवर बसेल आणि बावीस तास बसून दाखवील. हे मला पक्कं ठाऊक आहे. तुझ्यासाठी ती नेम मोडणार नाही, आणि नेमासाठी तुला सोडणारही नाही. मधल्यामध्ये जीव देईल.

म्हणून मी ठरवलंय, अव्वाला पाठवायचं नाही. व्हिसा आला नाही असं सांगीन. तू नागूबाईंवर भरवसा ठेव. त्यांनी तीन लेकरं वाढवलीत, त्यांना सगळं येतं. आळंदला मी अजून गेलो नाही. आता जायची गरजही नाही.

रोज पूजेला बसतो, लिंगावर नजर लावतो आणि त्या चहाच्या हॉटेलापाशी जाऊन पोचतो. हे तुला का लिहिलं, कळत नाही.

अण्णा


खजुरी, १३ जुलै

चि. रत्नास,

मागचं पत्र वाचून तू काहीच उत्तर पाठवलं नाहीस. बरोबरच केलंस. आता हे वाच.

व्हिसा आला. मी पाकीट कपाटात ठेवलं आणि जेवायला बसलो. विजयश्रीनं ते आधीच बघितलं होतं. वाढता वाढता म्हणाली, "कल्याणात शरणांनी बामणाच्या पोरीचं लग्न चांभाराच्या पोराशी लावलं, त्यापायी कुणी काय भोगलं, हे दरसाल मठात उभं राहून सांगताव की. गळा भरून येतोय तुमचा. सांगताव आन् घरी येऊन जेवताव."

"गप जेवू दे," मी म्हणालो.

अव्वा चुलीपाशी होती. तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली. "व्हिसा आलाय का विरुपाक्षा?"

मी मान हलवली.

"मग लपवायलास कामून?"

बावीस तासांचं तेव्हाही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "तुझ्या पायामुळं." ती म्हणाली, "पाय माजे हाईत. उद्या मला आळंदला न्हे. त्या बाईला विचारते. ती जाऊन आलीय न्हवं एक बार?"

तर काल सकाळी आम्ही दोघं गेलो. हॉटेलासमोरून जाताना मी मान खाली घातली. हॉटेलवाल्यानं रामराम केला.

नागूबाई दारातच होत्या. ओळख सांगायची वेळच आली नाही. "या अक्का. या अण्णा," म्हणाल्या आणि मग माझ्याकडं बघून, "त्या दिशी दोन चा पिऊन गेलाव म्हणं. हितं आला आसताव तर एकात भागलं आसतं. त्या हॉटेलवाल्याचा चा म्हंजे नुसता साखरंचा पाक."

अव्वा माझ्याकडं बघतच राहिली. "घरी नव्हत्या" म्हणालो होतो ना मी.

त्यांनी सतरंजी घातली. मग आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या, पण दारातच थांबल्या. "अक्का, पाणी... देऊ का?"

"पूजा करून निघालेय. दे की," अव्वा म्हणाली आणि तांब्या घेऊन वरून गटगट प्याली. मग माझ्या हातात दिला. पाणी माठातलं होतं, गार. मी प्यालो.

त्यानंतर दोघी अशा बोलायला लागल्या की मी तिथं नव्हतोच. अव्वानं सोळा तासांचं सांगितलं, खुर्चीचं सांगितलं. नागूबाई आधी हसल्या, मग हसता हसता थांबल्या. "अगं माय! सोळा तास कोरडी? कामून? मधी उतरवतेत की!"

मी सतरंजीची कड नीट करू लागलो.

"मधी?" अव्वा म्हणाली.

"व्हय. दोहाला. दिवस उगवायला उतरवतेत. सगळे मिळून बावीस तास लागतेत, पण मधी तीन तास मोकळे. बसून बसून कटाळलेली माणसं हिकडं तिकडं फिरतेत. बायांची नमाजाची खोली येगळी हाय. हातपाय धुवायला नळ हाय, खाली बसायला स्वच्छ जागा. मागल्या बारी म्या तितं बसूनच त्रिसरण म्हनलं. एक बाई बाजूला नमाज पडत हुती. तिनं सरकून जागा दिली."

मला वाटलं, संपलं. मग अव्वा माझ्याकडं वळली.

"विरुपाक्षा, हे तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"दिवस उगवायला उतरवतेत, नळ हाय, बसायला जागा हाय. आन् तू ते माज्यापासनं लपवून ठिवलास?"

"बावीस तास म्हणून घाबरलो, अव्वा."

"येडा का खुळा तू! तितं पूजा केली की पाणी सुटलं. मग पुढं पंधरा का पंचवीस, मला काय त्याचं? घोट घोट पीत जाईन." आणि नागूबाईंना म्हणाली, "शिकवला, पण तासच मोजत बसला बघा ह्यो."

रत्ना, जे थांबणं मी चार आठवडे लपवलं, त्याच थांबण्यावर तिचा सगळा प्रवास उभा होता. मी आपला तास मिळवत बसलो होतो.

अंघोळीचं काय, असं मी विचारलं. अव्वा म्हणाली, दुष्काळात अप्पा ओल्या पंच्यानं अंग पुसून पूजेला बसायचे, तसं करीन. मग तिला विमानतळावरच्या तपासणीची आठवण झाली. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत धरून म्हणाली, "ही काढून ताटात ठेवा म्हणतेत म्हणं. ती मी काढायची न्हाई."

नागूबाई म्हणाल्या, "चांदी मशिनीत वाजतीया, अक्का. माज्या कमरंला घराची किल्ली राह्यली हुती, तीबी वाजली. दोघी बाया धावत आल्या. म्हनलं, किल्ली हाय गं, बंदूक न्हाई."

"आन् दगूड?"

"दगूड कसा वाजंल?"

अव्वानं तिथंच, त्यांच्या सतरंजीवर बसून, डबी उघडली. लिंग पांढऱ्या फडक्यात बांधलं, गाठ मारली, दोरीनं गळ्यात घातलं. अप्पांनी लग्नात घडवलेली डबी. छप्पन्न वर्षं ती मी तिच्या गळ्यातच बघत आलो, म्हणजे मी जन्मल्यापासूनच म्हण. ती रिकामी डबी तिनं माझ्या हातावर ठेवली. "दगडाला चांदी मागनं आलीय," म्हणाली. "घरी न्हेऊन ठेव."

त्यानंतर तुमचा दोघांचा फोन आला, ते तू बघितलंसच. बुद्धरत्न "अव्वा" म्हणाला तेव्हा तिनं पदर पुढं ओढला, ते लाजेनं नव्हतं. डोळे पुसायला होतं.

निघताना नागूबाई दारापर्यंत आल्या. "अण्णा, जायच्या दिशी तुमची जीप फाट्यावरूनच जाईल न्हवं? म्या आळंदच्या बसनं येऊन फाट्यावर उभी ऱ्हाते. गावात कशाला यायचं. तुमाला उगं तरास."

मी "बरं" म्हणालो.

अगदी सहज म्हणालो. बस सुटली, अव्वाला डुलकी लागली. ते "बरं" मात्र गाव येईपर्यंत मनात घोळत होतं. फाटा गावापासून हाकेच्या अंतरावर आहे, तुला माहीत आहे. एक वठलेलं पिंपरणीचं झाड आणि मोडका बाक. तिथं उन्हात, पिशवी घेऊन, माझ्या बहिणीची सासू उभी राहणार, म्हणजे महादेवप्पांनी मला काही विचारू नये.

तुझा अण्णा


खजुरी, २१ ऑगस्ट

चि. रत्नास,

हे पत्र मोबाइलवरून येणार नाही. अव्वाच्या पिशवीत, शेंगाचटणीच्या डब्याखाली ठेवतोय. तू वाचशील तेव्हा ती तुझ्या घरी पूजेला बसलेली असेल, किंवा तुझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवत असेल.

काल सकाळी पूजा झाली आणि मी बसनं आळंदला गेलो. हॉटेलवाला म्हणाला, "बाजाराला?" मी म्हणालो, "न्हाई. नागूबाईंकडं."

त्या पिशव्या भरत होत्या. मला बघून घाबरल्या. "काय झालं अण्णा? अक्काचा बेत मोडला का?"

"न्हाई. तुमाला न्यायला आलोय. आजच्या मुक्कामाला घरी चला. उद्या घरूनच निघायचं."

त्या बराच वेळ पिशवीचा बंद बांधत बसल्या. तो आधीच बांधलेला होता. मग म्हणाल्या, "विजयश्रीबाईला इचारलाव का?"

विचारलं होतं. विजयश्री आधी म्हणाली होती, "फाट्यावर बरं हाय की, जीप तिथनंच जाती." मग पीठ मळता मळता थांबली आणि म्हणाली, "तिथं सावलीबी न्हाई." तेवढ्यावर तिनं पाहुण्यांसाठी पुरण घातलं.

दुपारची बस फाट्यावर थांबली. आम्ही उतरलो. मी त्यांची मोठी पिशवी खांद्यावर घेतली. पांदीनं मागच्या बाजूनं घरी जाता येतं, ते तुला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. आम्ही मधल्या रस्त्यानं गेलो. श्रावण आहे, मठाच्या कट्ट्यावर पोथीला जमलेली माणसं बसली होती. बोलणं थांबलं. महादेवप्पा म्हणाले, "विरुपाक्षा, पाहुण्या कुणाकडच्या?"

कुणाकडच्या ते त्यांना दिसत होतं.

"रत्नाच्या सासूबाई," मी म्हणालो. "अव्वाच्या सोबतीनं टोरांटोला जायल्यात. रत्नाचं बाळंतपण हाय."

नागूबाईंनी हात जोडले. एक-दोघांनी जोडले, एक-दोघांनी नाही. महादेवप्पांनी पानाची पिशवी उघडली, बंद केली. मग म्हणाले, "ऊन हाय. उभं नका करू त्यास्नी. घरला न्या." यातून काय घ्यायचं ते मला अजून कळलेलं नाही. संध्याकाळी पोथीला मी नेहमीच्या जागी बसलो होतो. माझ्या शेजारी रोज बसणारे दोघं काल बसले नाहीत. त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. पुढंही राहतील कदाचित.

आत्ता सकाळ आहे. अव्वाची पूजा झाली. चुलीपाशी दोघी बसल्यात. नागूबाई भाकरी थापतायत आणि अव्वा त्यांना सांगतेय की आळंदच्या भाकरी जाड असतात. नागूबाई म्हणतायत, "मग तुमी थापा की, म्या खाते." विजयश्री त्यांच्या बाजूनं बोलतेय, हे नवल. तुझ्या लेकरासाठी दोन दुपटी आहेत. एक अव्वाच्या जुन्या इरकलीचं, एक नागूबाईंच्या लुगड्याचं. रात्री दोघींनी मिळून त्यांच्या कडा शिवल्या. कुठलं कुणाचं ते तू ओळखशील.

अप्पांची चांदीची डबी देवळीत ठेवलीय, रिकामीच. तिच्यात काही ठेवावंसं वाटत नाही. बाळाला घेऊन तू येशील तेव्हा बघू.

जीप तीन वाजता येणार आहे. आपल्या दारात येईल, दोघी इथूनच बसतील. जीपवाल्याला मी सांगून ठेवलंय, फाट्यावर थांबायचं नाही, तिथं कुणी उभं नाही.

तुझा अण्णा,
विरुपाक्ष